न दुखणारी जखम

बायडाबाईंच्या चंद्री म्हशीला मरण्याआधी दोन दिवस काहीच गिळता येत नव्हतं, तोंडातून नुसती लाळ गळत होती. घशात काहीतरी अडकलंय असं समजून बायडाबाईंनी कोपरापर्यंत हात आत घातला. हाती काही लागलं नाही, दाताने बोट तेवढं खरचटलं.

मी जनावरांची डॉक्टर. म्हैस मेल्यावर तिच्या मेंदूचा नमुना मीच तपासणीला पाठवला होता. त्यात रेबीज निघाल्याचा फोन आला आणि मी तडक कात्रजच्या पुढे त्यांच्या गोठ्यावर गेले.

"आता इंजेक्शन कशाला, बाई?" त्यांनी बोट पुढे केलं. "बघा की. सूज न्हाय, ठणका न्हाय. भरलं बी. आन् मी दवाखान्यात गेल्यावर धारा कोण काढंल?"

मी नारायण पेठेतली. समजावण्यापेक्षा मला खडसावणं बरं जमतं. तरी जीभ आवरली.

"बोट दुखत नाही म्हणून तुम्ही निवांत आहात. त्या विषाणूला नेमकं हेच हवंय," मी म्हणाले. "परकं कुणी शिरलं की शरीर आरडाओरडा करतं, म्हणून सूज येते, ताप येतो. हा ती हाकच दाबून टाकतो. वस्तीत चोर शिरावा आणि कुत्रं भुंकूच नये, तसं. मग गुपचूप नसेतून मेंदूची वाट धरतो. तिथं पोचला की औषध नाही."

सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला. दर वेळी येतो. अवघ्या पाच जनुकांचा त्याचा संसार, माणसाची वीस हजार. ना डोळे, ना डोकं, तरी मेंदूचा रस्ता अचूक सापडतो. आणि मेंदूत पोचल्यावर जनावराचा घसाच धरतो, मग ज्याची त्या जनावरावर माया, त्याचाच हात तोंडात जातो. शरीराला फसवतो तसा मायेलाही. मला त्याची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर हातही जोडावेसे वाटतात.

बायडाबाई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून ऐकत होत्या.

"चंद्रीच्या लाळंत व्हता त्यो?"

"हो."

"शाले, हिकडं ये."

त्यांची सून शालू तान्ह्याला कडेवर घेऊन आली.

"चंद्रीचं तोंड तू पुसत व्हतीस. हात दाव."

शालूने हात पुढे केला. रोजच्या शेणापाण्याने बोटं चिरलेली होती.

"मला काय न्हाय झालं, आत्या."

बायडाबाई उठल्या. आवाज चढला नाही.

"काय न्हाय झालं, त्येचंच तर भ्या हाय. पोराला घे आन् बाईंच्या गाडीत बस." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दवाखान्यात आधी हिला टोचाया सांगा. मागनं मी घीन."

आम्ही निघालो तेव्हा धारांची वेळ झाली होती. गोठ्यात म्हशी रेकत होत्या. बायडाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.