खासगी मेल

“‘कासव’ हा शब्द शोधायचाच नाही,” मॅनेजर म्हणाले. “अर्जावर त्यांचं नाव आहे ना? तेवढंच शोधा, मिळेल ते द्या आणि विषय संपवा.”

नावाने शोधून काय मिळणार होतं, कपाळ? आमच्या भांडारातल्या काकांना या कंपनीत नावाने हाक मारली कुणी? एक पाय ओढत चालतात म्हणून साहेबलोकांनी त्यांचं कासव करून टाकलेलं. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं आणि आता त्यांनी रीतसर अर्ज केला होता, माझ्याबद्दल तुमच्याकडे जे जे लिहिलेलं आहे ते सगळं द्या. अशा अर्जांना उत्तर देणं हे माझं काम. नावाने शोधल्यावर रजेचे अर्ज निघाले आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मी ‘कासव’ टाकून शोधलं. ढीग निघाला.

‘निवृत्तीपर्यंत सरपटत पोचेल हा. त्याआधी उलटा करा.’ हे मॅनेजरांचं. त्याखाली हिशेबनिसाचं खिदळणं. आणि शेवटी, ‘सापडला एकदाचा! काल भांडार उघडं टाकून दुपारभर गायब. कुठे होतास विचारलं तर गप्प. एवढं पुरे.’ प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘खासगी’ लिहिलेलं.

मी तारीख बघितली. हा ‘काल’ मला पाठ होता.

त्या सकाळी नवऱ्याने मला भिंतीवर ढकललं होतं. बरगडी मोडली होती आणि मी तशीच कामावर आले होते. भांडाराच्या दारात कोसळले. काकांनी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. “कुणाला सांगू नका,” एवढंच मी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मेलवरून ताईला सगळं कळवलं, काकांनी दवाखान्यात नेलं तेही, कारण घरी माझा फोन नवरा तपासायचा. ताई येऊन मला कायमची घेऊन गेली. ऑफिसात मात्र मी जिन्यावरून पडलेली.

आणि या माणसाने नोकरी गेली तरी तोंड उघडलं नाही! मला काकांचाच इतका राग आला की रडू फुटलं. मग तो राग जिथे जायला हवा होता तिथे वळला.

मी ताईला फोन लावला. “तुला लिहिलेली ती मेल काकांना द्यायची म्हणतेय. खाली तुझं उत्तरही आहे.”

“त्यात मी तुझ्या नवऱ्याला काय काय म्हटलंय, आठवतंय ना?”

“तेवढं काळं करते.”

“कशाला? कमीच म्हटलं होतं. दे!”

मॅनेजरांनी गठ्ठा चाळला आणि लाल झाले. “या खासगी मेल आहेत! दोन मित्रांमधलं बोलणं.”

“तुमच्या मुलीच्या शाळेचं होतं तेवढं मी झाकलंय. ते तुमचं. काकांबद्दलचं काकांचं.”

“उद्या तुमची खासगी मेल कुणी मागितली म्हणजे कळेल.”

“उद्या कशाला? सगळ्यात वर माझीच आहे. वाचा.”

त्यांनी वाचली. चेहरा उतरला. “बाई, घरचं असं चव्हाट्यावर… तुमच्या भल्यासाठी सांगतो, एवढी तरी काढा.”

“माझं भलं तुम्ही बघू नका!” मी ओरडले. बाहेरची माणसं माना वळवून बघायला लागली. बघू देत. उत्तरावर सही माझी असते, ती मी तिथेच केली.

काका स्वतः कागद न्यायला आले. उभ्यानेच चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वाचलं, गठ्ठ्यातून ते ओढून काढलं आणि उलटं करून माझ्याकडे सरकवलं.

“हे चुकून आलंय.”

“चुकून नाही.”

“पोरी, वकील वाचेल हे. चार लोक वाचतील.”

“वाचू देत.”

“मी शब्द दिला होता तुला.”

“पोटावर पाय येईपर्यंत पाळायला सांगितलं होतं का मी?” माझा आवाज पुन्हा चढला. “एकदा, फक्त एकदा सांगायचं होतं की, कुठे होतात ते! आता मुकाट्याने घ्या. त्यात तुम्ही आहात, म्हणजे ते तुमचं आहे.”

काकांनी चष्मा काढला. मॅनेजरांच्या दाराकडे त्यांनी बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. मग ते पान उचलून त्यांनी पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं.

“दुखतं का गं अजून?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं आणि सहीसाठी पोचपावती पुढे केली.