दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

मी एक तबकडी बोलतेय. बोलतेय कसली, कपाटातल्या कपाटात पुटपुटतेय. अंगावर तलम कागद, त्यावर पुठ्ठा, त्यावर प्लॅस्टिक आणि शेजारी हवेतली ओल शोषणाऱ्या पुड्या. नव्या नवरीलासुद्धा कुणी इतकं झाकून ठेवत नाही.

माझ्यातली गाणी कौलूनच्या एका स्टुडिओत गायली गेली. जुलैचा उकाडा होता आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद होता. गायिका थोंग मान-यी अनवाणी उभी होती, कारण तिच्या सँडल करकरत होत्या. "बाई, बांगडीही काढा," काचेपलीकडून तंत्रज्ञ म्हणाला. ती हिरव्या जेड दगडाची बांगडी तिच्या हातात लहानपणापासून होती. साबण लावूनही निघेना, तेव्हा तिनं वर रुमाल गुंडाळला.

पहिल्याच गाण्यात आवाज उंच चढला तसा तिचा हात वर गेला, रुमाल सुटला आणि बांगडी माइकच्या लोखंडी स्टँडला लागली. टक्.

"पुन्हा गाऊ?" तिनं विचारलं.

"असं पुन्हा जमायचं नाही, राहू दे," तंत्रज्ञ म्हणाला. तेव्हापासून ते 'टक्' माझ्या अंगात आहे.

माझी पहिली मालकीण शाळेतली बाई होती, मिस लाम. दर रविवारी संत्रं सोलत ती माझ्या दोन्ही बाजू ऐकायची. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लागलं की संत्रं हातातच राहायचं. मग ती कॅनडाला गेली. सुया-दोरेसुद्धा बरोबर नेले तिनं, मी मात्र राहिले. आप लिऊ रस्त्यावरच्या जुन्या सामानात फुंगनं मला पाहिलं. उजेडात तिरकी धरून तो म्हणाला, "एक ओरखडा नाही!" मला वाटलं, नशीब उघडलं.

फुंग जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला. शाम शुई पोमधलं त्याचं घर एवढंसं आणि त्यात स्पीकर बायकोपेक्षा उंच. समोर एकच खुर्ची. रविवारी दुपारी त्याचा दोस्त माक, टॅक्सीवाला, आला की आधी फ्रिज बंद व्हायचा, कारण त्याची घरघर गाण्यात मिसळते म्हणे. फ्रिजमधले मासे मेलेले असूनही पुन्हा एकदा मरायचे. मग सुई टेकायची आणि खुर्चीतला डोळे मिटायचा.

"श्वास ऐकलास?" फुंग विचारायचा.

"श्वास काय, भाऊ, तिचे ओठ दिसतात मला! दात मोजून देऊ?"

चाळीस सेकंद. मग सुई उचलली. वायर बदलायची, पुन्हा तीच चाळीस सेकंद. बाईचा आवाज खरा वाटला की मशीन चांगलं, एवढंच त्यांना हवं होतं. बाई काय सांगतेय हे विचारायला कुणाला सवड नव्हती. वीस वर्षांत माझी दुसरी बाजू एकदाही वाजली नाही.

आणि त्या चाळीस सेकंदांतच ते 'टक्' होतं. फुंगला वाटायचं, दोष मशीनमध्ये आहे. त्यानं सुया बदलल्या, वायरी बदलल्या, स्पीकरखाली दगडी लाद्या घातल्या. 'टक्' जाईना. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला माझा असा आवाज कुठे आहे?

त्याची बायको सौ-हिंग तरुणपणी प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात पाकळ्या चिकटवायची. जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर माझं शेवटचं गाणं लागायचं. त्यातली बाई धक्क्यावर कुणाची तरी वाट बघत उभी असते. तो येतो की नाही हे कळायच्या आत मुकादम रेडिओ बंद करायचा. सौ-हिंगला ते अजून कळलेलं नाही. एकदा फुंग बाहेर असताना तिनं मला पाकिटातून काढलं, दुसरी बाजू वर केली. तेवढ्यात तो दारात आला.

"हात तेलकट आहेत तुझे! ठेव ते!"

तिनं मला ठेवलं. हात तिनं धुतले होते, मी शपथेवर सांगते. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप आलं.

मग एका रविवारी चाळीस सेकंद झाली, फुंगनं सुई उचलली, आणि तरीही आवाज आला. टक्.

माकनं डोळे उघडले. "भाऊ, सुई तर वर आहे!"

दोघांनी मान वळवली. सौ-हिंग चहाचा थर्मास ठेवत होती. तिच्या मनगटातली हिरवी बांगडी त्याला लागली होती.

"वहिनी, पुन्हा करा बघू."

टक्.

"बांगडीच आहे ती," सौ-हिंग म्हणाली. "गाणारणीच्या हातातली. मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

"मग बोलली का नाहीस, बाई?" फुंग किंचाळला. "वीस वर्षं मी वायरी बदलतोय!"

"गाणं चालू असताना तोंड उघडायचं नाही, असं तूच सांगितलंस. आणि गाणं थांबलं की दोघंच बडबडता. विचारलंस कधी मला?" थर्मास पुढे सारत ती म्हणाली, "आता कळलं ना? मग दुसरी बाजू लाव. शेवटचं गाणं. एकदाच."

"लावतो, लावतो. आधी माकला ती बांगडी नीट ऐकू दे."

सुई खाली आली. टक्. "जेडच!" माक मांडीवर थाप मारून म्हणाला. "अस्सल जेड, भाऊ! मनगट दिसलं मला!" सुई उचलली, पुन्हा टेकली. टक्. थर्मासमधला चहा निवला तरी दोघं तेच करत होते. सौ-हिंग स्वयंपाकघरात गेली आणि तिनं फ्रिज सुरू केला.

आता बातमी सगळीकडे पसरलीय. दर रविवारी अनोळखी माणसं बांगडी ऐकायला येतात. पूर्वी चाळीस सेकंद तरी मिळायची, आता चार मिळतात. तेवढ्या जागी मी झिजून पांढुरकी पडलेय. बाकी सारी कोरी आहे, आणि त्या कोरेपणाची मला लाज वाटते.

सौ-हिंग, ऐक. रोज सकाळी तो चहाघरात जातो. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यामागे असते, हे तुलाही ठाऊक आहे. धक्क्यावरच्या त्या बाईचं काय झालं, ते माझ्याजवळ आहे. तू ये. हात थरथरला तर थरथरू दे, तेलकट असला तरी असू दे. ओरखडा उठला तर तो मी मिरवीन. फक्त सुई मध्येच उचलू नकोस.