होडीतली पुढची जागा

तुसँने पालथ्या होडीच्या शिवणीला तोंड लावलं आणि गाल आत जाईपर्यंत जोरात ओढलं. तोंडात हवा आली, तर शिवण गळकी.

"म्हातारा होडीचा मुका घेतोय!" रेमों ओरडला. नदीकाठी हशा पिकला.

आंजेलीक, तुसँची बायको, हसली नाही. भूर्जाच्या सालीची ही होडी तिनेच झाडाच्या मुळ्यांनी शिवली होती. शिवणींवर डिंक मात्र रेमोंने लावला होता. पश्चिमेच्या अनोळखी मुलखात निघालेल्या साहेबाने होडीतली पुढची, वाट काढणाऱ्या वल्हेकऱ्याची जागा यंदा तरण्या रेमोंला दिली होती. वीस वर्षं ती तुसँची होती. आठवडाभर तो जेवणावर राग काढत होता, आणि आंजेलीक मनातून खूश होती. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा उन्हाळाभर घरी राहणार होता.

तुसँ उठला. "साहेब, हवा येतेय. डिंकात चरबी कमी पडलीये. गार पाण्यात तडकणार."

"एवढंसं तर आहे," रेमों म्हणाला.

"बुडायला एवढंसं पुरतं, बाबा."

रेमोंचा चेहरा उतरला. तुसँने जुना डिंक खरवडला, अस्वलाची चरबी घालून नवा उकळला आणि रेमोंकडूनच नीट लावून घेतला. साहेब बघत होता. होडी पाण्यात उतरवून सामान भरून झाल्यावर तो म्हणाला, "तुसँ, तूही चल. मागे बस, पण चल."

तो हो म्हणाला तर अडवायचं नाही, असं आंजेलीकने ठरवून टाकलं.

तुसँने होडी पाण्यात किती खाली बसलीये ते पाहिलं. "मी चढलो तर सुक्या मांसाच्या दोन गोण्या उतरवाव्या लागतील. गोण्याच न्या, साहेब. त्या खाता तरी येतात. मी फार चिवट आहे."

सालीची होडी काठाला टेकवत नाहीत, दगडाने साल फाटते. मांडीभर पाण्यात उभं राहून तुसँनेच ती धरून ठेवली होती. सगळे चढले, आणि त्याने हात सोडले. वल्हेकऱ्यांचं गाणं वळणापलीकडे विरलं, तरी तो हलला नाही.

"अरे ए, पाय गोठतील! मासा गार झाला," आंजेलीकने हाक मारली.

"आलोच," तो म्हणाला. पण हात तसेच पुढे धरून पाण्यात उभा राहिला.

आंजेलीक मासा परत चुलीवर ठेवायला गेली.