शिवणारीनं बोलायचं नाही

टाचणी आठाच्या पोटातून आरपार गेली होती. नॉर्मनला कागद कधी धड टोचता आला नाही — तीस वर्षं क्लबचे कपडे सांभाळतोय, पण टाचणी लावतो ती खिळा ठोकल्यासारखी — आणि मेव्हिस लमनं चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर ओढला आणि तीच चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचली. अकराशे सत्त्याऐंशी. शर्ट उलटा केला. पाठीवर नऊ. सुलटा केला. छातीशी टोचलेल्या चिठ्ठीवर अकराशे सत्त्याऐंशी. शाळेत ती फार दिवस टिकली नव्हती, अजूनही पत्र वाचायचं म्हटलं की ओठ हलतात, पण आकडे... आकडे तिला कुणी शिकवावे लागले नाहीत.

पाठीवरच्या नंबराचं काय, तो मैदानावरच्या जागेचा, भाड्याच्या खोलीसारखा. रग्बीचा हंगाम संपला की गडी जातात, नवे येतात, जानेवारीत नव्या शर्टांची पिशवी येते, आणि एक ते तेरा ज्यांच्या पाठीवर ते पक्के, बाकीचे बाकावर बसून गुडघे हलवणारे. पण छातीवर, क्लबच्या चिन्हाखाली हातानं शिवायचा तो बारीक आकडा वारशाचा. क्लब निघाला तेव्हा जो पहिला मैदानात उतरला त्याचा एक, दुसऱ्याचा दोन, असं करत आजवर. एकदा मिळाला की शवपेटीवरसुद्धा तोच. तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या पेटीवर सहाशे बारा होता. गॅविनचा — तिच्या मुलाचा, उतारवयात झालेल्या एकुलत्या मुलाचा — एक हजार त्र्याण्णव. तो आकडा तिनं आठ जानेवारींत आठ वेळा नऊ नंबरच्या शर्टावर शिवला होता. डोळे मिटूनही शिवला असता. आणि अकराशे सत्त्याऐंशी हा तिनं गेल्या ऑगस्टात, तो गडी पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा शिवला. तो आकडा तिच्याच घरात, वरच्या मागच्या खोलीत झोपतो. रीस मॉसॉप, वय एकोणीस, कंब्रियाचा. क्लबनं तिच्याकडे जेवायला-राहायला ठेवलेलं पोरगं.

तिनं पिशवी टेबलावर पालथी केली. अठ्ठावीस शर्ट. एकेक चिठ्ठी. चौदाव्या शर्टाला वाटलं, असेल पुढं. विसाव्याला वाटलं, शेवटी असेल, गठ्ठ्यात खाली गेला असेल... अठ्ठाविसावा झाला. एक हजार त्र्याण्णव कुठंच नव्हता. नऊवर नाही, चौदावर नाही, बाकावरच्या सव्विसावर नाही.

मग तिला आठवलं, सकाळी नॉर्मन आत आला नव्हता. पिशवी उंबऱ्यावर ठेवून, "गाडी चालू आहे," म्हणून पळाला. तीन चमचे साखरेचा चहा सोडून नॉर्मन कधी पळतो का? आणि मी — मी त्याच्या पाठीकडे बघून म्हटलं, म्हातारा झाला.

तिनं फोन लावला.

"नॉर्मन, पिशवीत एक शर्ट कमी आहे."

"नाही मेव्हिस. सगळे आहेत."

"नीट बघ."

"मी बघितलं," नॉर्मन म्हणाला. "मी काय... मी फक्त पिशवी आणतो, बाई."

"हो. गाढवसुद्धा तेवढंच करतं," असं म्हणून तिनं फोन आपटला, पण जिभेचा फटका मारल्यावर नेहमी बरं वाटायचं, तसं वाटलं नाही.

शिवणारीनं बोलायचं नाही. आकडे हातातून जातात, तोंडातून नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण क्रॅगथॉर्प गावात लोक मोडतात ते लिहिलेले नियम, असले नाही. क्लब सांगेपर्यंत शिवणारी आंधळी, बहिरी आणि मुकी. तिच्या आधी सासू शिवायची. एकाहत्तर सालचा जानेवारी — मेव्हिस नवी नवरी, याच टेबलाच्या त्या टोकाला बटाटे सोलत बसलेली — आणि वॉल्टर खाणीतून आलेला, कानामागं काळं तसंच, येत्या हंगामाचं बोलतोय, कोण कुणाला कसा पाडेल, आणि सासू त्याच्या ताटात ग्रेव्ही ओततेय. दोन दिवस ओतली. शनिवारी क्लबच्या भिंतीवर यादी लागली, तीत वॉल्टरचं नाव नव्हतं; तो ती बघून आला, टोपीसुद्धा काढली नाही, आईला म्हणाला, "तुला ठाऊक होतं." सासूनं मान डोलावली आणि सुईत दोरा ओवला. मेव्हिसनं त्याच दिवशी ठरवलं, मी असली दगडी बाई होणार नाही. एकविसाव्या वर्षी ठरवायला काय जातं? सासूशी ती त्यानंतर वीस वर्षं बोलली ती मीठ दे, दार लाव, एवढ्यापुरती.

आता बारा वाजले होते, गॅविन साडेबाराला जेवायला येणार होता — गुरुवारी सकाळचा माल पोचवून झाला की तो आईकडेच जेवतो — आणि कलेजी अजून कागदातच होती. ती उठली. बसली. पुन्हा उठून अठ्ठावीसही शर्ट पिशवीत कोंबले, पिशवी जिन्याखाली ढकलली, वर जुना गालिचा टाकला. जणू कुणाचं मढं लपवतेय. कांदा चिरायला घेतला आणि सुरी हातात तशीच राहिली... कारण आता ते आठवत होतं जे सकाळपासून ती आठवू देत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात पोरांना तयार करणारा मास्तर बसला होता, मांडीवर वही घेऊन. म्हणाला, मॉसॉपला परत पाठवतोय. अंगानं बारीक आहे, घरची आठवण काढून रडतो. खरंच रडायचा. उशी तोंडावर दाबून रडायचा, भिंतीपलीकडे तिला ऐकू यायचं. गप्प बसली असती तर पोरगं समुद्रकाठच्या आपल्या गावी गेलं असतं, कुठल्या तरी गोदीत कामाला लागलं असतं, सुखी झालं असतं. पण गप्प बसणं रक्तातच नाही. ती म्हणाली, "अंग मी देते त्याला, खाऊ घालून. तुम्ही त्याचे हात बघितलेत का? अजून एक हिवाळा थांबा. नऊ नंबर आहे तो." मास्तर हसला. ती नाही हसली. आणि मग तीच गॅविनला म्हणाली, संध्याकाळी येत जा रे, त्याला जरा शिकव. पडलेल्या गड्यामागून चेंडू कसा उचलायचा, धावत येणाऱ्याला खांद्यानं कसा धरायचा, चाळीस वेळा पाडून एक्केचाळिसाव्यांदा कसं उठायचं. गॅविननं मागच्या अंगणात दोरीला टायर टांगला. हिवाळाभर आला. आईच्या शब्दाखातर.

माझ्याच घरात, माझंच पोर, माझ्याच सांगण्यावरून — दुसऱ्याचं पोर...

"काय जाळतेस, आई?"

"कांदा. खायचा तर बस, नाहीतर वास घेऊन जा."

गॅविन बसला. डाव्या बाजूनं बसला, बरगडी सांभाळत. तेहतीस वर्षांचा, कान कोबीच्या पानासारखे, नाक दोनदा मोडून तिसऱ्यांदा नीट बसलेलं. त्यानं दाढी केली होती. गुरुवारी कोण दाढी करतं?

"तीनला कोचनं बोलावलंय."

"कशाला?"

"तूच सांग. हॅरोप कप्तानपद सोडून हलच्या क्लबात गेला. मग कप्तान कुणीतरी व्हायला हवा की नको?" आणि तो हसला, लहानपणी बक्षीस पाठीमागं लपवून दारात उभा राहायचा तसा. "घासून दाढी केली बघ."

"दिसतंय. हनुवटी कापून घेतलीयस."

तो खात होता. तोंडात घास ठेवून बोलत होता — यंदा मागच्या फळीत दोन नवे समोआचे गडी आलेत, डोंगर आहेत नुसते. यंदा वर चढणार क्लब, बघ तू. गुडघ्यातलं पाणी काढलं, आता कुरकुर नाही. मग काटा थांबला.

"शर्ट आले?"

"आले."

त्यानं पुढं विचारलं नाही. नियम त्यालाही ठाऊक. शिवणाऱ्या बायांच्या घरात वाढलेला. नुसता जिन्याकडे बघून पुन्हा ताटाकडे वळला.

"पोरगं कुठाय तुझं?"

"जिमला. येईल इतक्यात."

"तयार होतंय हं ते. दोन वर्षांत माझी जागा मागेल. तोवर म्हणावं माझी बाटली भर."

आता. आता सांगायला हवं, म्हणजे निदान तो दाढी केलेला चेहरा घेऊन, कप्तानपदाचे आभार मनात घोळवत, त्या खोलीत जाऊन बसणार नाही. निदान तोंड कसं ठेवायचं ते रस्त्यात ठरवेल. एक वाक्य. जन्मभर मी वाक्यं फेकत आले, पंचाच्या, पाद्र्याच्या, दुकानदाराच्या तोंडावर, एकही परत घेतलं नाही... पण सांगितलं तर तो विचारेल, माझ्या जागी कोण? आणि त्याचंही उत्तर जिन्याखालीच आहे. आणि मग तो तिच्याकडे ज्या नजरेनं बघेल ती...

"गॅविन."

"काय?"

"ग्रेव्ही घे अजून."

आणि ओतताना तिचा हात सासूचा होता. तस्साच, कोपर अंगाशी धरलेला, एक थेंब इकडं तिकडं नाही. दोन दिवस, मेव्हिसच्या मनात आलं, त्या बाईनं हा हात दोन दिवस असा स्थिर धरला होता; आणि मला दोन तास जड झालेत.

अडीचला तो उठला. फाटकाशीच त्याला रीस भेटला, खांद्याला पिशवी, केस ओले, थंडीनं नाक लाल. गॅविननं त्याची मान काखेत धरली.

"काय रे मेंढरा, आज किती उचललंस?"

"तुझ्याहून वीस किलो जास्त, म्हाताऱ्या."

"बोलून घे. तीननंतर कप्तानसाहेब म्हणावं लागेल."

"वाकून म्हणेन! पण आधी मान सोड!"

ती दारात उभी होती. ही तीच बाई, जिनं प्रेक्षकांच्या स्टँडमधून तोंड उघडलं की मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला पंच दचकायचा. गॅविन उतारावरून चालला होता, हात खिशात, डावा खांदा किंचित खाली. तिनं तोंड उघडलं. गारठा आत गेला, दातांना झोंबला.

"गॅविन! मफलर घेतलास का?"

त्यानं न वळताच गळ्यातला मफलर वर करून हलवला.

रीस टेबलाशी बसून खात होता, गॅविनच्याच खुर्चीत — दुसरी खुर्ची नव्हती असं नाही, पण ती शेगडीजवळची, आणि पोर गारठलेलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती. केवढे झालेत. आला तेव्हा मनगटं पेन्सिलीएवढी.

"मावशी, गॅविन खरंच कप्तान?"

"खा."

"त्यालाच करतील. दुसरं आहे कोण?" त्यानं पावानं ताट पुसलं. "मी सांगू का, मला बाकावर सव्वीस नंबर मिळाला ना, तरी मी आईला फोन करून—"

"गप खा म्हटलं ना!"

तो दचकला. तिनं त्याच्या ताटात उरलेली सगळी कलेजी उलटली, आणि ती कुणासाठी झाकून ठेवली होती ते उलटल्यावर तिला कळलं. याला हाकलून द्यावं. याला पोटाशी धरावं. दोन्ही एकदम, एकाच हातानं करता आलं असतं तर.

तीन वाजले. आता गॅविन त्या खोलीत बसला असेल. खाली प्लॅस्टिकची खुर्ची करकरत असेल. कोच आधी त्याच्या गुडघ्याचं विचारेल. मग म्हणेल, तुझ्यासारख्या अनुभवी माणसाची गरज पोरांना शिकवायला आहे. असलंच काहीतरी म्हणतात, मऊ. ताटं घेऊन ती मोरीशी गेली. नळ सोडला. पाणी वाहत राहिलं.

"दहाच फेकी, मावशी, मग भांडी मी घासतो," म्हणून रीस चेंडू घेऊन अंगणात गेला होता. खिडकीला वाफ धरली होती. तिनं बाहीनं पुसली. बघायचं नव्हतं. बघण्यासारखं काही नव्हतंच — गोठलेली जमीन, त्यावर चेंडू, आणि त्यावर वाकलेलं पोर.

आणि चेंडू सुटला.

तो उचलला कधी ते दिसलं नाही. उचलणं आणि फेकणं दोन नव्हतीच. जमिनीवरून थेट, गवताला घासत, टायरच्या मधून. गॅविन अर्धं पाऊल घेतो. उचलतो, अर्धं पाऊल मागं येतो, मग फेकतो. तेवढ्यात समोरचा अंगावर येतो, म्हणून तर बरगड्या मोडतात. आठ वर्षं ती स्टँडमध्ये बसून ते अर्धं पाऊल बघत आली होती आणि एकदाही — पंचाला आंधळा म्हणणाऱ्या या बाईनं — ते पाऊल कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःजवळसुद्धा नाही.

दुसरी फेक. पाऊल नाही. तिच्या छातीत काहीतरी उडी मारून वर आलं, जुनं, ओळखीचं, स्टँडमध्ये उभं राहायला लावणारं. आणि तिनं ते खाली दाबायला हात नेला तोवर ते गळ्यापर्यंत पोचलं होतं. आत्ता? या मिनिटाला? तिकडं माझं पोर त्या खुर्चीत...

नळ वाहत होता. हात गार पाण्यात बधिर झाले होते. रीसनं टायरमागून चेंडू आणला, पुन्हा जमिनीवर ठेवला, पाय रोवले, वाकला. उतारावरून कुणी येतंय का ते पुढच्या दाराच्या काचेतून दिसलं असतं; चार पावलं मागं जायचं, मान वळवायची. ती हलली नाही. काचेवर पुन्हा वाफ धरत होती, आणि ती श्वास रोखून तिसऱ्या फेकीची वाट बघत होती.