कोपरा कापलेल्या पिशव्या

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा जप्तीचं काम पालिकेच्या कार्यालयात कुणालाच नको होतं. हा गडी मात्र आपणहून पुढे झाला. दोन वर्षांपूर्वी पिशव्यांनी गटार तुंबलं, पाणी तळघरातल्या शिवणखोलीत शिरलं आणि त्याची थोरली बहीण तिथून जिवंत बाहेर आलीच नाही. त्यामुळे बाजारात तो कुणाची गय करत नसे. जप्त केलेल्या प्रत्येक गठ्ठ्याचा एक कोपरा तिथल्या तिथे कापायचा, ही त्याची खूण. दुकानदारांनी त्याचं नावच ‘कात्री’ पाडलं.

एवढा खमका माणूस, पण एका बाबतीत कच्चा होता. बांधलेला गठ्ठा गप्प असतो. सुट्या पिशव्या सळसळल्या की त्याला वाटे, भिंतीपलीकडे ताई कापड चाळतेय. अंगावर सरसरून काटा येई. म्हणून जप्तीचा माल वितळवायच्या दिवशी तो गोदामाकडे फिरकतच नसे. गोदामवाला कागद टेबलावर आणून ठेवी, “साहेब, सगळा नष्ट केला,” आणि हा न बघता सही ठोकून मोकळा होई.

त्या संध्याकाळी भाची टोमॅटो घेऊन आली. ताईची ही पोर आता त्याच्याकडेच असे. तिची खोली तळमजल्यावर, गटाराला लागून. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती सळसळली.

“ही कुठून आणलीस?”

“भाजीवालीकडून. सगळ्यांकडे अशाच असतात, मामा, कोपरा नसलेल्या. मी म्हटलं, भोक आहे. तर म्हणते, टोमॅटो काय त्यातून पळून जाणारेत?”

त्याला हसू आलं नाही. तो अनवाणीच बाहेर गेला, पहारीनं गटाराचं झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. ताई गेली त्या दिवशीही त्यानं असाच हात घातला होता. तेव्हा निघालेल्या पिशव्या धड होत्या. आज पहिली निघाली ती कापलेली. दुसरीही. मग मूठभर निघाल्या, सगळ्यांचा तोच कोपरा गेलेला.

दारातून भाची विचारत होती, “मामा, काय झालं?”

तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. आत काळ्या पाण्यात अजून काहीतरी सळसळत होतं.

“ताई,” तो खाली बघत म्हणाला, “या मीच सोडल्या गं.”