आठ वर्षांच्या मापाचे हातमोजे

मी लाल लोकरीचा उजवा हातमोजा. डावा सोबत असतोच, पण बोलायचं काम माझ्याकडे. त्याला लोकांत मिसळायला आवडत नाही.

ऑरव्हिल नावाच्या म्हाताऱ्या बसड्रायव्हरनं वृद्धाश्रमात बसून आपला जुना स्वेटर उसवला, आम्हाला विणलं आणि चर्चच्या तळघरातल्या दुकानात पाठवून दिलं. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरातलं गाव, कोळशाची खाण बंद पडून वर्षं झालेली. पूर्वी नाताळात शहरातले भले लोक घरोघरी येऊन मुलांच्या हातात खेळणी ठेवायचे. मुलं नाचायची, अन् आईबाप आपल्याच दारात चोरासारखे उभे. म्हणून गावानं हे दुकान काढलं. आईबापांनी यावं, हवं ते निवडावं, परवडेल तो डॉलर द्यावा आणि पडद्याआड स्वतःच्या हातानं कागदात गुंडाळून न्यावं. कुणाच्या घरची चौकशी करायची नाही, हा एकच नियम.

व्हर्डी आली तेव्हा दुकान भरलेलं होतं. चेहरा थकलेला, पण केस नीट विंचरलेले. आठ वर्षांच्या मुलीचे हातमोजे हवेत म्हणाली. मला उचललं, माझ्या बोटांची लांबी आपल्या तळव्यावर मापून पाहिली आणि गालातल्या गालात हसली.

गल्ल्यावर डार्लीन होती, तिचीच शेजारीण, यंदाच कामाला लागलेली. मनानं मऊ, पण जिभेला लगाम नाही. "अगं व्हर्डी," ती सगळ्यांदेखत बोलून गेली, "तुझी मेबल तर तीन वर्षांमागं ओढ्यात..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. रांगेतल्या बाया आपापल्या पायांकडे पाहू लागल्या. व्हर्डीनं आम्हाला हळूच टेबलावर ठेवलं.

"राहू दे मग," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचे तिला आखूड पडतात, म्हणून आले होते."

डार्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. पाच वर्षांच्या मेबलच्या शवपेटीवर तिनं स्वतः फुलं ठेवली होती.

कात्री-कागद सांभाळणारा हॉलिस, जुना खाणकामगार, जागचा न उठता म्हणाला, "डार्लीन, आपण इथं मुलं मोजत नाही. बाईंना कागद कुठला हवा, ते विचार."

डार्लीन कागदांकडे वळली. "चुकलं गं माझं. ताऱ्यांचा देऊ, का रेनडिअरचा?"

"ताऱ्यांचा दे. शिंगं बघून ती रडते."

व्हर्डीनं डॉलर दिला, पडद्याआड जाऊन आम्हाला गुंडाळलं आणि मान ताठ ठेवून घरी निघाली.

घरी भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर मागच्या वर्षीची निळी जोडी होती. कागदाच्या फटीतून मी तिला हाक मारली. तिच्या बोटांची टोकं झिजून पार विरली होती.

नाताळच्या सकाळी व्हर्डी स्वयंपाकघरात पीठ मळत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी आमचा कागद उघडू लागला. घाईनं नव्हे, चिकटपट्टी नखानं सावकाश सोडवत. मग माझ्यात पाच बोटं शिरली. ओली होती.

व्हर्डीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आवडले?" एवढंच विचारलं.

आता मार्च लागलाय. बर्फ वितळून ओढा मोठ्यानं वाहतो. रोज सकाळी व्हर्डी आम्हाला पिळून शेकोटीजवळ वाळत घालते. लोकर आटलेली नाही, तरी माझ्या अंगठ्याला ताण बसू लागलाय. दुकानवाल्यांना एवढंच सांगणं आहे: येत्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या मुलीचे हातमोजे बाजूला काढून ठेवा. तिची आई घ्यायला येईल.