मंत्रालाही फ्रिज लागतो

मुलीच्या पत्राला डॉक्टरांनी उत्तरच दिलं नव्हतं. ‘अप्पा, पाणीबाबाच्या पाण्याने इथल्या कोंबड्या साथीतून वाचल्या. मग आपल्या बाळाला लसीची सुई कशाला, असं हे म्हणतात. दोनदा तारीख टळली. काय सांगू?’ डॉक्टर पेन उघडायचे आणि बंद करायचे. कोंबड्या वाचल्या हे तर खरंच होतं. का वाचल्या ते माहीत नसताना खोटं कसं म्हणायचं?

तेवढ्यात पाणीबाबाचा तंबू त्यांच्याच गावात, कोंबडीबाजारामागे पडला. मुंगीला शिरायला जागा नव्हती.

“नळाचं पाणी घालाल तर मंत्र बाटेल!” मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या विकत बाबा गरजत होता. “विहिरीचं घ्या. दुधाची पूड टाका, बर्फ टाका. आणि कोंबड्यांना आधी तहानलेलं ठेवा, म्हणजे भक्ती जागी होते!”

“कोंबडीची?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“तुझ्याआधी होईल!”

सगळे हसले. डॉक्टर मात्र दचकले. पाण्यातून लस पाजायची रीत हुबेहूब हीच! नळातल्या क्लोरीनने लस मरते, दूध तिला सांभाळतं, गारव्यात ती टिकते. त्यांनी एक बाटली घेतली आणि बर्फासकट प्रयोगशाळेत नेली.

तिथे त्यांचं कामच असं होतं, की पिल्लांच्या शरीरातल्या एकाच प्रकारच्या संरक्षक पेशी औषधाने काढून टाकायच्या, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि कोणती पेशी काय करते ते पाहायचं. त्यांनी रोगाविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी काढलेली काही पिल्लं घेतली, काही धडधाकट घेतली, आणि दोन्ही गटांना बाबाचं पाणी पाजलं. आणखी काही धडधाकट पिल्लांना साधं पाणी. पुढे रक्त तपासलं, तर प्रतिपिंडं फक्त बाबाचं पाणी प्यायलेल्या धडधाकट पिल्लांत सापडली.

बाबाचा पुढचा फेरा आला. चार माणसांत बोलायचं म्हटलं की डॉक्टरांची जीभ टाळ्याला चिकटायची. आजही चिकटली. तरी ते पुढे झाले.

“तुमच्या पाण्यात लस आहे. पेशी काढलेल्या पिल्लांवर तुमचा मंत्र चालला नाही.”

“त्यांची श्रद्धा कमी पडली!”

“श्रद्धा आम्ही काढली नव्हती. पेशी काढल्या होत्या.” त्यांनी बाबाच्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं. “ही बाटली दुपारभर उन्हात ठेवू. मग हवा तेवढा मंत्र म्हणा. मी पुन्हा पिल्लांना पाजतो.”

बाबाने बाटली छातीशी धरली. “वेड्या, उन्हात मंत्र उतरतो!”

“अगं बाई! मंत्रालाही फ्रिज लागतो होय?” गर्दीतली एक अंडीवाली ओरडली. तिने बाबाच्या बर्फाच्या पेटीतली दुसरी बाटली उचलली आणि तिच्यावर चिकटवलेला, बर्फात भिजलेला बाबाचा फोटो नखाने सोलला. खाली कारखान्याचा कागद होता. तिने मोठ्याने वाचला, “कोंबड्यांची लस. माणसांसाठी नाही.”

“आणि माझ्या नातवाला पाजलंस ना रे, मेल्या!” ती कडाडली.

बाबाला पळायलाही वाट मिळेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी लिहिलं, ‘बाळे, कोंबड्या लसीने वाचल्या. पण ती कोंबड्यांची लस. आपल्या बाळाला तिचा काडीचा उपयोग नाही. जावईबापूंना सांग, ज्या चमत्कारावर भाळलात तो लसीचाच होता. डोळ्यांनी पाहिलं तरी ‘का’ विचारायचं सोडू नका. आणि नाहीच ऐकलं, तर तू एकटी जा. बाळाला लस टोचून घे. कुणी बोललं तर माझं नाव सांग.’

आणि पत्र पुन्हा न वाचता त्यांनी ते टपालपेटीत टाकलं.